कर्ज फिटेनासे झाल्यावर: बेळगाव-निपाणी सीमाभागातील नादारी आणि कर्जमुक्तीचे मार्ग

कर्ज फेडण्याची इच्छा असूनही ऐपत संपलेल्या माणसाला भारतीय कायद्यात चार प्रकारचे मार्ग आहेत. पहिला, सावकार किंवा बँकेशी तडजोड. दुसरा, राज्य सरकारने विशिष्ट कर्जांसाठी केलेले कर्जनिवारण कायदे. तिसरा, जप्ती आणि अटक यांना दिवाणी कायद्याने घातलेल्या मर्यादांचा आधार. चौथा आणि शेवटचा, न्यायालयाकडून नादार म्हणून जाहीर होणे. हे चारही मार्ग बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागातील रहिवाशाला खुले आहेत. मात्र एका मार्गाने सगळी कर्जे क्वचितच सुटतात. कोणते कर्ज कोणत्या कायद्याच्या कक्षेत येते हे न पाहता घेतलेला निर्णय बहुधा वाया जातो.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत दिवाळखोरी आणि नादारी हा विषय समवर्ती सूचीत आहे, तर सावकारी आणि शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचे निवारण हा विषय राज्य सूचीत आहे. त्यामुळे नादारीचा कायदा निपाणीत आणि शेजारच्या कागलमध्ये एकच आहे; सावकारी आणि कर्जमाफीचे कायदे मात्र दूधगंगेच्या दोन्ही बाजूंना वेगळे आहेत. निपाणीत राहून कागलच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा, गडहिंग्लजच्या पतसंस्थेचे कर्ज आणि संकेश्वरच्या सावकाराचे हातउसने घेतलेला माणूस एकाच वेळी दोन राज्यांच्या कायद्यांत वावरत असतो.

कर्जांची वर्गवारी

या भागातील कुटुंबांवर साधारणपणे पाच तऱ्हेची कर्जे असतात. पहिली, बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे तारणी कर्ज: घर, दुकान, गाडी, सोने. दुसरी, सहकारी बँक, पतसंस्था किंवा सौहार्द संस्थेचे जामिनावरचे कर्ज. तिसरी, पीककर्ज. चौथी, मायक्रोफायनान्स कंपन्यांचे गटाच्या जबाबदारीवरचे विनातारण कर्ज. निपाणीतील विडी कामगार आणि तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, वडगाव-खासबागमधील विणकर कुटुंबे यांच्यापर्यंत पोचलेले कर्ज बहुतांशी हेच असते. पाचवी, खासगी सावकाराचे महिना टक्केवारीने घेतलेले पैसे. उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्री व यंत्रकामाच्या छोट्या उद्योजकांवर याखेरीज कंपनीच्या कर्जाला दिलेल्या वैयक्तिक हमीचाही भार असतो.

तारणी कर्ज, सरकारी देणे, फसवणुकीतून उद्भवलेले देणे आणि पोटगी यांना कायदा वेगळी वागणूक देतो. उरलेल्या विनातारण कर्जांवरच बहुतेक उपाय पूर्ण लागू पडतात. म्हणून पहिले काम म्हणजे यादी करणे: कोणाचे, किती, कशाच्या तारणावर, जामीनदार कोण, शेवटचा हप्ता केव्हा भरला आणि शेवटची सही कशावर व केव्हा केली. यातील शेवटच्या दोन तारखांना फार महत्त्व आहे. साध्या विनातारण कर्जाच्या वसुलीचा दावा मुदत कायद्यानुसार तीन वर्षांत करावा लागतो. पण ती मुदत संपण्याआधी कर्जदाराने बाकी कबूल असल्याच्या कागदावर सही केली किंवा काही रक्कम भरल्याची लेखी नोंद झाली, तर मुदत नव्याने सुरू होते. एकदा हुकूमनामा झाला की त्याच्या बजावणीसाठी 12 वर्षे मिळतात.

तडजोड आणि पुनर्रचना

सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे थेट तडजोड. हप्ता 90 दिवस थकला की बँकेच्या हिशेबात खाते अनुत्पादक ठरते. पीककर्जासाठी ही मुदत पिकाच्या हंगामांवर मोजतात. खाते थकण्याआधी बँकेकडे गेल्यास हप्त्यांची मुदत वाढवून घेणे शक्य असते. थकल्यानंतर एकरकमी परतफेड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ओटीएस, हा पर्याय उरतो. रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 रोजी तडजोडीची एकत्रित चौकट जाहीर केली आणि प्रत्येक बँकेला संचालक मंडळाने मंजूर केलेले लेखी धोरण ठेवणे बंधनकारक केले. तडजोड झालेल्या कर्जदाराला त्याच बँकेकडून शेतीखेरीजचे नवे कर्ज मिळण्यापूर्वी किमान 12 महिने थांबावे लागते.

ओटीएस हा कर्जदाराचा हक्क नाही. तो बँकेच्या धोरणावर अवलंबून असतो. त्यामुळे बोलणी तोंडी न ठेवता रक्कम, मुदत, उरलेले व्याज सोडून दिल्याचा उल्लेख आणि जामीनदारांची मुक्तता या चारही बाबी पत्रात आणून घेणे आवश्यक आहे. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला, मूळ कागदपत्रे आणि उताऱ्यावरील बोजा कमी केल्याचे पत्र घ्यावे लागते. पूर्ण परतफेडीनंतर स्थावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत न केल्यास बँकेने दररोज 5,000 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. तडजोडीने मिटलेले खाते पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत पूर्ण फेडलेल्या खात्यापेक्षा वेगळे दाखवले जाते आणि पुढच्या कर्जावर त्याचा परिणाम होतो. ही किंमत खरी आहे, पण वर्षानुवर्षे वाढत जाणाऱ्या थकबाकीपेक्षा ती कमी असते.

तडजोडीचे दुसरे ठिकाण म्हणजे लोक अदालत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली तालुका पातळीपर्यंत समित्या आहेत. दावा दाखल झालेला असो वा नसो, प्रकरण तिथे ठेवता येते. झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे न झेपणाऱ्या हप्त्यांना तिथे होकार देणे धोक्याचे ठरते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि मर्यादित उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळतो. स्त्रियांसाठी उत्पन्नाची अटही नाही. विडी कामगार स्त्रीला वकील परवडत नाही म्हणून न्यायालयाचे दार बंद राहू नये, यासाठीच ही तरतूद आहे.

राज्याचे कर्जनिवारण कायदे

1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि त्याआधी मुंबई इलाख्यात. म्हणून या भागातील कर्जनिवारणाचा जुना इतिहास दख्खनच्या इतिहासाशी जोडलेला आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यानंतर 1879 मध्ये दख्खन कृषक निवारण कायदा झाला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. पुढे त्यातील काही तरतुदी इलाख्याच्या इतर भागांनाही लागू झाल्या. न्यायालयाने कर्जखतावरील आकडा तसाच न मानता व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासावा, हे या कायद्याचे मोठे योगदान. शेतकऱ्याच्या नादारीसाठी त्यात स्वतंत्र प्रकरणही होते. त्यानंतर 1939 चा आणि त्याच्या जागी आलेला 1947 चा मुंबई कृषी कर्जदार निवारण कायदा, तसेच 1946 चा मुंबई सावकार कायदा हे बेळगावलाही लागू होते. मुंबई इलाख्यात मानला जाणारा दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हाही याच परंपरेतला.

राज्य पुनर्रचनेनंतर म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्याचे कायदे आले. 1961 च्या कायद्याने सावकारीला परवाना आवश्यक केला. 1975 नंतर अनेक राज्यांनी गरीब कर्जदारांची खासगी कर्जे रद्द करणारे कायदे केले. कर्नाटकाचा असा कायदा 1976 चा आहे. महाराष्ट्राच्या तशाच कायद्याला आव्हान दिले गेले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये फतेचंद हिम्मतलाल खटल्यात तो वैध ठरवला. 2004 मध्ये कर्नाटकाने अवाजवी व्याज आकारणे हा गुन्हा ठरवला. त्यानंतरचा 2018 चा कर्नाटक कर्जनिवारण कायदा 2019 मध्ये अमलात आला. लहान शेतकरी, भूमिहीन शेतमजूर आणि वर्षाला 1 लाख 20 हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली दुर्बल घटकांतील कुटुंबे यांची खासगी सावकारांकडील कर्जे त्याने रद्द केली. अर्ज मात्र ठराविक मुदतीत उपविभागीय पातळीवरील अधिकाऱ्याकडे करायचे होते. मुदत टळली की हक्क हातचा जातो, हे अशा एकवेळच्या कायद्यांचे वैशिष्ट्य असते.

2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या सुरुवातीस राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून मायक्रोफायनान्सच्या वसुलीविषयी गंभीर तक्रारी आल्या. काही कर्जदारांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. त्यातून 12 फेब्रुवारी 2025 रोजी अध्यादेश निघाला आणि पुढे विधिमंडळाने कायदा केला. परवाना व नोंदणी नसलेल्या सावकारांनी दुर्बल घटकांना दिलेली कर्जे त्याने फिटल्यात जमा केली, अशा कर्जाच्या वसुलीचे दावे दिवाणी न्यायालयाने घेऊ नयेत असे सांगितले आणि जबरदस्तीच्या वसुलीला 10 वर्षांपर्यंत कैद व 5 लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. घरासमोर ठाण मांडणे, पाठलाग करणे, गुंड पाठवणे, अपमान करणे, घरातील वस्तू किंवा कागदपत्रे हिसकावणे हे सारे जबरदस्तीत येते.

रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या बँका व वित्तसंस्था यांची कर्जे या कायद्याने माफ होत नाहीत. त्यांना रिझर्व्ह बँकेची 2022 ची मायक्रोफायनान्स चौकट लागू आहे. वर्षाला 3 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स कर्ज. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करणे किंवा घरी जाणे निषिद्ध आहे. कर्जाचा करार कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. मराठी कर्जदाराला करार मराठीत मागण्याचा आधार इथे मिळतो. कंपनीने 30 दिवसांत तक्रार सोडवली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. सहकारी पतसंस्था मात्र लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याविषयीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करावी लागते.

महाराष्ट्राच्या हद्दीतील सावकाराला 2014 चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा लागू होतो. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. कर्जमाफीच्या योजनाही आपापल्या राज्याच्या चौकटीत चालतात. कर्नाटकाने 2018 मध्ये आणि महाराष्ट्राने 2017 व 2019 मध्ये पीककर्जमाफी जाहीर केली. अशा योजनांत पात्रतेच्या अटी, कर्ज देणारी संस्था आणि कटऑफ तारीख त्या त्या राज्याच्या आदेशाप्रमाणे ठरतात, त्यामुळे सीमेपलीकडे कर्ज असलेल्याने दोन्हीकडचे आदेश तपासावे लागतात.

तारण आणि सहकारी वसुली

तारणी कर्जाला 2002 चा सरफेसी कायदा लागू होतो. न्यायालयात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊन विकता येते. त्याआधी 60 दिवसांची मागणी नोटीस द्यावी लागते. कर्जदाराने लेखी आक्षेप घेतल्यास उत्तर द्यावे लागते. ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मदत घेता येते. बँकेच्या कृतीविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. बेळगाव जिल्ह्यासाठी त्याकरिता बेंगळुरू गाठावे लागते. शेतजमिनीवरील तारण आणि 1 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज या कायद्यातून वगळलेले आहे.

हा कायदा सहकारी बँकांना लागू आहे की नाही, यावर अनेक वर्षे वाद होता. तो मिटवणारा निकाल सीमाभागाच्या अगदी शेजारचा आहे. निपाणीलगतच्या कागल तालुक्यातील मुरगूड येथील विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 5 मे 2020 रोजी सहकारी बँकांनाही सरफेसी कायदा वापरता येतो, असा निर्णय दिला. पतसंस्था आणि सौहार्द संस्था यांची वसुली मात्र आपापल्या सहकार कायद्यांनी होते. कर्नाटकात 1959 च्या कायद्याच्या कलम 70 खाली वाद निबंधकाकडे जातो, महाराष्ट्रात 1960 च्या कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला मिळतो आणि दोन्ही राज्यांत व्यवहार करणाऱ्या बहुराज्य संस्थांचे वाद 2002 च्या कायद्याच्या कलम 84 प्रमाणे लवादाकडे जातात. लवादाची नोटीस दुर्लक्षित राहिली तर एकतर्फी निवाडा होतो आणि नंतर रकमेविषयी वाद घालायला जागा फार कमी उरते.

जप्ती आणि अटक यांच्या मर्यादा

नादारीचा विचार करण्याआधी कर्जदाराने हे पाहिले पाहिजे की त्याच्याकडून जप्त होण्यासारखे काही आहे का. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, त्याची कामाची जनावरे, बियाणे आणि तो राहत असलेले घर जप्त होत नाही. शेतजमीन मात्र या सवलतीत नाही. मजुरांची मजुरी पूर्ण सुरक्षित आहे. पगारदाराच्या पगारातील पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग पोटगीखेरीज इतर हुकूमनाम्यांत जप्त करता येत नाही. सरकारी निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधीही सुरक्षित आहेत. मागावर पोट भरणारा विणकर किंवा विड्या वळणारी स्त्री यांच्याकडे तारण नसेल, तर अनेकदा कायद्याने जप्त होण्याजोगे काहीच नसते. गरीब कर्जदाराला धमकावले जाते ते बहुधा याच्या अज्ञानामुळे.

कर्जापायी तुरुंगात टाकण्याची भीती घातली जाते, पण अटकेलाही कायद्याने मर्यादा घातलेल्या आहेत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. 2,000 रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कोणालाही दिवाणी कोठडीत ठेवता येत नाही. 5,000 च्या वरच्या रकमेसाठीही तीन महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात केवळ गरिबीमुळे कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकणे घटनेशी विसंगत असल्याचे सांगितले. ऐपत असून टाळाटाळ किंवा अप्रामाणिकपणा सिद्ध झाला तरच कोठडी होते. चेक न वटल्याचा खटला मात्र फौजदारी असतो आणि तो वेगळा चालतो.

अटक झालीच तर न्यायालयाने कर्जदाराला नादारीचा अर्ज करता येतो हे सांगितले पाहिजे, अशी संहितेच्या कलम 55 मध्ये तरतूद आहे. एका महिन्यात अर्ज करण्याची हमी दिल्यास त्याची सुटका होऊ शकते.

1920 चा नादारी कायदा

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी 1909 चा इलाखा शहर नादारी कायदा आहे. उरलेल्या देशाच्या मोठ्या भागासाठी, आणि म्हणून बेळगाव व कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांसाठी, 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आहे. शंभर वर्षे जुना असला तरी तो आजही चालू आहे, कारण तो रद्द करणारे 2016 च्या संहितेतील कलम अद्याप अमलात आणलेले नाही.

अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयात करायचा असतो. कर्जदार जिथे राहतो, धंदा करतो किंवा कमाईसाठी काम करतो, त्या ठिकाणचे न्यायालय चालते. निपाणीत राहून कागलमध्ये काम करणाऱ्याला म्हणूनच दोन्हीकडचे न्यायालय खुले असते. कर्ज फेडता येत नाही हे दाखवण्याबरोबर तीनपैकी एक गोष्ट लागते: एकूण कर्ज किमान 500 रुपये असणे, पैशाच्या हुकूमनाम्यात अटक किंवा कैद होणे, अथवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम असणे. अर्जात सर्व सावकारांची नावे, रकमा आणि सर्व मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. वह्या व हिशेब हजर करावे लागतात. आपण कर्ज फेडू शकत नाही याचा प्राथमिक पुरावा दिला तरी या टप्प्यावर पुरतो. सावकारालाही अर्ज करता येतो. त्यासाठी कर्जदाराने मालमत्ता लपवण्यासाठी हस्तांतरित करणे किंवा सावकारांना टाळण्यासाठी घर सोडून जाणे अशी नादारीची कृती मागच्या तीन महिन्यांत केलेली असावी लागते.

नादारीचा हुकूम झाला की कर्जदाराची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा प्राप्तकर्त्याच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, ताब्यात जाते. जप्तीतून सूट असलेल्या वस्तू त्याच्याकडेच राहतात. त्यानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणताही विनातारण सावकार दावा किंवा वसुली करू शकत नाही. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मिळवता येतो. वेगवेगळ्या सावकारांची रोजची दारावरची धडक इथे थांबते आणि सगळ्यांचे देणे एकाच हिशेबात येते. वाटपासाठी व्याज जास्तीत जास्त 6 टक्क्यांनी मोजले जाते, मूळ करारात महिना पाच टक्के लिहिलेले असले तरी. तारणी सावकाराचा तारणावरचा हक्क मात्र अबाधित राहतो.

सचोटी ही या कायद्याची अट आहे. अर्जाच्या आधी मुलाच्या किंवा मेहुण्याच्या नावे केलेले मोफत हस्तांतरण, त्यानंतर दोन वर्षांत नादारी झाल्यास, रद्द ठरवता येते. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एकाच सावकाराला झुकते माप देऊन केलेली फेडही रद्द होऊ शकते. मालमत्ता लपवणे किंवा खोटे हिशेब देणे हा गुन्हा आहे. मुक्तता न झालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता 50 रुपये किंवा त्याहून अधिक उधार घेणे हाही गुन्हा आहे. असा नादार संसद किंवा विधिमंडळाचा सदस्य होऊ शकत नाही. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीलाही त्याला बंदी आहे. गावकीत उभे राहणाऱ्या माणसाने ही बाब आधीच लक्षात घेतलेली बरी.

नादार जाहीर होणे म्हणजे कर्ज संपणे नव्हे. हुकुमात दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा, म्हणजे डिस्चार्जचा, वेगळा अर्ज करावा लागतो. तो न केल्यास नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि कर्जे पुन्हा उभी राहतात. मालमत्तेतून विनातारण देण्याच्या रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर पूर्ण मुक्तता नाकारली जाते, मात्र कर्जदाराच्या हातात नसलेल्या कारणांनी तसे झाले असेल तर नाही. पूर, दुष्काळ, आजारपण किंवा बाजार कोसळणे अशी कारणे इथे पुराव्यासह मांडावी लागतात. दवाखान्याची बिले, नुकसानीचे पंचनामे, विक्रीच्या पावत्या जपून ठेवण्याचे मोल इथे कळते. सट्टा, उधळपट्टी आणि हिशेब न ठेवणे ही मुक्तता नाकारण्याची कारणे आहेत. मुक्ततेनंतरही सरकारी देणे, फसवणुकीतून उद्भवलेले देणे आणि पोटगी शिल्लक राहते. सावकारांच्या बहुमताने मान्य झालेली आणि न्यायालयाने संमत केलेली तडजोड योजना हा या कायद्यातील दुसरा शेवट आहे.

नादाराचा सावकार कधी शेतकरीच असतो. तंबाखूसारखा माल उधारीवर देणारा शेतकरी व्यापारी बुडाल्यास विनातारण सावकार ठरतो. एप्रिल 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी निपाणीत झालेल्या आंदोलनावर गोळीबार होऊन शेतकरी मरण पावले. घाम गाळून पिकवलेल्या मालाचे पैसे न मिळण्याची वेदना या भागाला ठाऊक आहे. अशा शेतकऱ्याने मालाच्या पावत्या घेऊन नादारी न्यायालयात आपले देणे मुदतीत सिद्ध केले, तरच वाटपात त्याला वाटा मिळतो.

2016 ची संहिता

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी तिसरा भाग आहे. सर्वांत गरीब कर्जदारांसाठी त्यात नव्या सुरुवातीची प्रक्रिया आहे: वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, कर्ज 35,000 पर्यंत आणि स्वतःचे घर नसणे, अशा अटींवर कर्ज माफ होण्याची. पण हा भाग सर्वसामान्य व्यक्तींसाठी अद्याप लागू केलेला नाही. 1 डिसेंबर 2019 पासून तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ललितकुमार जैन आणि 9 नोव्हेंबर 2023 रोजी दिलीप जिवराजका प्रकरणात ही व्यवस्था वैध ठरवली.

बेळगावच्या एखाद्या फाउंड्रीच्या संचालकाने खासगी मर्यादित कंपनीच्या कर्जाला हमी दिली असेल, तर त्याला हाच मार्ग लागू होतो. अर्ज दाखल होताच त्या कर्जांच्या वसुलीला अंतरिम स्थगिती मिळते. निराकरण व्यावसायिक अहवाल देतो आणि परतफेड योजनेला मूल्याने तीन-चतुर्थांश सावकारांची मंजुरी लागते. योजना फसली तर दिवाळखोरी होते आणि ती सुरू झाल्यापासून साधारण वर्षभरात मुक्तता मिळते. पोटगी, न्यायालयीन दंड आणि शैक्षणिक कर्ज मात्र माफ होत नाही. चेक न वटल्याच्या खटल्याला या स्थगितीने संरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केले. एकल मालकीचा धंदा किंवा भागीदारी यांना हा मार्ग नाही. त्यांना 1920 चाच कायदा लागू आहे.

तुलनेसाठी अमेरिकेची व्यवस्था पाहता येते. तिथे दिवाळखोरी कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली मालमत्ता विकून काही महिन्यांत मुक्तता मिळते, तर तेराव्या प्रकरणाखाली नियमित उत्पन्न असलेला माणूस तीन ते पाच वर्षे हप्ते भरून घर वाचवू शकतो. भारतात नोकरदारासाठी हप्त्यांची अशी न्यायालयीन योजना सर्वत्र उपलब्ध होणे ही खरी गरज आहे. 60,000 आणि 35,000 रुपयांच्या मर्यादाही 2016 च्या असल्याने, लागू करण्याआधी वाढवल्या गेल्या तरच त्यांचा उपयोग होईल.

जामीनदार

सीमाभागातील सहकारी कर्जे मुख्यतः जामिनावर चालतात. भारतीय करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. संस्थेला आधी कर्जदाराकडे जावे लागत नाही. मूळ कर्जदार नादार ठरला तरी जामीनदार सुटत नाही. मात्र संस्थेने जामीनदाराच्या संमतीशिवाय कराराच्या अटी बदलल्या, किंवा तारण त्याच्या नकळत सोडून दिले, तर त्या मर्यादेत त्याची सुटका होते. पैसे भरल्यावर संस्थेचे हक्क जामीनदाराकडे येतात आणि सहजामीनदारांकडून तो आपापला वाटा मागू शकतो. नातलगाच्या किंवा शेजाऱ्याच्या भरवशावर सही करणाऱ्याने हे हक्क वापरले पाहिजेत, आणि नादारीचा अर्ज करणाऱ्याने त्या नातलगाला व शेजाऱ्याला आधी विश्वासात घेतले पाहिजे.

सीमेपलीकडची मालमत्ता आणि भाषा

निपाणीच्या माणसाची जमीन कागल तालुक्यात असल्यास कर्नाटकातील नादारी न्यायालयाचा हुकूम तिथेही पोचतो, कारण 1920 च्या कायद्यानुसार सर्व नादारी न्यायालयांनी एकमेकांना साहाय्य करणे आवश्यक आहे. कोल्हापूरच्या न्यायालयाचा हुकूमनामा बजावणीसाठी बेळगावला पाठवता येतो. नादारीचा अर्ज झाल्याची माहिती अशा बजावणी न्यायालयाला लगेच देणे हिताचे असते. बेळगाव जिल्ह्यातील प्रकरणांचे उच्च न्यायालयीन अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जाते.

तालुका न्यायालयात कामकाज कन्नडमध्ये आणि इंग्रजीत चालते, तर पतसंस्थेचे अनेक कागद मराठीत असतात. त्यांचे अनुवाद जोडावे लागतात, आणि कन्नड नोटीस वाचता येत नाही म्हणून मुदत थांबत नाही. नोटीस मिळताच ती तालुका विधी सेवा समितीकडे नेऊन समजून घेणे, हा सर्वांत सोपा बचाव आहे.

पर्यायांचा क्रम

या सर्वांचा विचार केल्यास एक क्रम ठरतो. खासगी सावकाराचे कर्ज असेल तर प्रथम त्याचा परवाना आणि राज्याच्या कायद्याखालील माफी तपासावी. बँक व वित्तसंस्थेचे असेल तर खाते थकण्याआधीच पुनर्रचना आणि नंतर ओटीएस मागावे. दोन-तीन सावकारांपुरते असेल तर लोक अदालत पुरते. तारण असलेल्या घरासाठी मागणी नोटिशीच्या 60 दिवसांतच हालचाल करावी. जप्त होण्याजोगे काहीच नसेल तर जप्तीतून मिळालेली सूट हाच आधार मानून शांतपणे हप्त्यांची बोलणी करावीत. सावकार अनेक, विनातारण कर्ज उत्पन्नाच्या कित्येक पट, आणि अटक किंवा जप्ती समोर उभी असेल तेव्हा नादारीचा अर्ज योग्य ठरतो. त्याचा निर्णय तारणी देणी, सरकारी देणी आणि जामीनदार यांचा हिशेब मांडूनच घ्यावा.